‘फोनवर उघडतंय, म्हणजे इंडेक्स झालंय’: त्या फॉरवर्डला उत्तर

वेबसाइट सांभाळणाऱ्यांमध्ये एक मेसेज अधूनमधून फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गूगलकडे मोबाइलचा वेगळा इंडेक्स (म्हणजे शोधासाठी साठवलेल्या पानांचा संग्रह) आहे, पान फोनवर नीट उघडलं की ते त्यात गेलंच, खात्रीसाठी मोबाइल-फ्रेंडली टेस्टची हिरवी खूण बघा, आणि वाचक डेस्कटॉपवरचे असतील तर या भानगडीत पडूच नका.

आधी सोपं ते उरकू. हिरवी खूण दाखवणारं ते टूल गूगलने डिसेंबर २०२३ मध्येच बंद केलं, यावरूनच मेसेजचं वय कळतं. ते चालू होतं तेव्हाही अक्षरं वाचता येतात का, बटणं बोटाला सापडतात का, एवढंच सांगायचं. पान इंडेक्समध्ये आहे की नाही, हा त्याचा विषयच नव्हता.

‘वेगळा इंडेक्स’ही नाही. इंडेक्स एकच आहे. पूर्वी त्यात डेस्कटॉपच्या पानावरचा मजकूर जायचा, आता मोबाइलच्या पानावरचा जातो. गूगलने हे नोव्हेंबर २०१६ मध्ये जाहीर केलं, मार्च २०१८ पासून साइट टप्प्याटप्प्याने हलवल्या आणि उरल्यासुरल्या जुलै २०२४ मध्ये. शेवटचा मुद्दाही इथेच कोसळतो. मोबाइलच्या पानातून जागा वाचवायला दोन परिच्छेद उडवलेत, तर डेस्कटॉपवर बसून शोधणाऱ्यालाही ते परिच्छेद सापडणार नाहीत. डेस्कटॉपच्या पानावर ते दिमाखात झळकत असले तरीही.

आता खरी मेख: ‘फोनवर उघडलं की झालं’. मीही यात फसलोय. एका साइटवर उत्पादनाच्या मापांचा तक्ता होता. डेस्कटॉपवर तो थेट दिसायचा, मोबाइलवर ‘सविस्तर माहिती’ हे बटण दाबल्यावर. मी फोनवर बटण दाबलं, तक्ता आला, मी खूश. पुढे त्या मापांनी शोधलं तर पान येईना. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या टूलमध्ये, यूआरएल तपासणीत पानाचा पत्ता टाकला. पान इंडेक्समध्ये होतं, ते क्रॉल करणारा, म्हणजे वाचून नेणारा गूगलचा प्रोग्राम ‘गूगलबॉट स्मार्टफोन’ (मोबाइलचं पान वाचणारा) होता, सगळं आलबेल. मग क्रॉल केलेलं पान उघडून त्याच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमध्ये, तक्त्यातला एक शब्द शोधला. शून्य. बटण दाबल्यावरच तक्ता सर्व्हरवरून मागवला जात होता, आणि गूगलबॉट बटणं दाबत नाही.

यावर काहीजण दुसऱ्या टोकाला जातात: मग घडी घातलेला मजकूर गूगल मोजतच नाही! तसंही नाही. मजकूर एचटीएमएलमध्ये आधीपासून असेल आणि फक्त सीएसएसने (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडने) झाकलेला असेल, तर तो मोजला जातो. आम्हीही तेवढंच केलं. तक्ता पानातच ठेवला आणि वरून झाकला. पुढच्या क्रॉलनंतर तो शब्द एचटीएमएलमध्ये सापडला.

तपासताना एक गफलत हमखास होते. ‘लाइव्ह यूआरएल तपासा’ हे बटण आत्ताचं पान आणून दाखवतं; इंडेक्समध्ये काय पडलंय ते आधीच्या, साठवलेल्या निकालात असतं. दुरुस्ती केल्यावर लाइव्ह चाचणी छान दिसते आणि माणूस निर्धास्त होतो, इंडेक्समध्ये मात्र अजून जुनंच पान असतं. गूगलमध्ये साइटच्या पत्त्याआधी ‘साइट:’ लावून शोधण्यावरही फार विसंबू नका, त्यात सगळी पानं दिसतीलच असं नाही.

साइट रिस्पॉन्सिव्ह असेल, म्हणजे दोन्हीकडे एकच एचटीएमएल जात असेल, तर यातली बरीचशी डोकेदुखी तुमच्या वाट्याला येत नाही. मोबाइलसाठी वेगळा टेम्प्लेट (पानाचा साचा) किंवा ‘एम.’ने सुरू होणारा वेगळा पत्ता असेल, तर मात्र तिथला रोबोट्स मेटा टॅग (सर्च इंजिनांना सूचना देणारी कोडमधली ओळ) आजच उघडून बघा. डेस्कटॉपच्या पानावर नसलेला ‘नोइंडेक्स’, म्हणजे ‘हे पान इंडेक्समध्ये घेऊ नका’ हा आदेश, चाचणीच्या काळापासून मोबाइलच्या टेम्प्लेटमध्ये तसाच राहिलेला असू शकतो, आणि फोनवर ते पान अगदी व्यवस्थित उघडतं.