हेन्री लिंच यांच्या वंशावळी : एका आक्षेपाला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. अमेरिकी डॉक्टर हेन्री लिंच यांनी घराण्यात चालत येणाऱ्या आतड्याच्या कर्करोगाविषयी प्रसिद्ध केलेले काम म्हणजे निवडक कुटुंबांच्या कहाण्या होत्या, एका घरातल्यांचे खाणेपिणे सारखे असल्यावर रोगही सारखाच होणार, आणि असे लेख वाचून माणसे विनाकारण धास्तावतात, असे आपले म्हणणे आहे. यातला पहिला आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्यावरच अधिक लिहितो.

ज्या घरांत रुग्ण जास्त तीच घरे संशोधकाच्या नजरेत भरतात, हे खरेच आहे. परंतु लिंच कहाणीपाशी थांबले नाहीत. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा येथे 1962 साली एका रुग्णाने आपणही घरच्या इतरांसारखे कर्करोगानेच जाणार असे त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या सहकारी, समाजसेविका ॲन क्रश यांनी त्या कुटुंबाची वंशावळ मांडायला घेतली. प्रत्येक नोंदीमागे मृत्यूचा दाखला, रुग्णालयाचे कागद आणि शक्य तिथे पेशीतपासणीचा अहवाल मिळवण्याचा त्यांचा आग्रह असे. नातेवाईक फार तर ‘पोटातल्या गाठीने गेली’ एवढेच सांगू शकतात. ती गाठ मोठ्या आतड्याची, जठराची की गर्भाशयाची, हे कागद हाती आल्याशिवाय ठरत नाही, आणि या आजारात तर नेमका तोच तपशील महत्त्वाचा असतो. नेब्रास्का आणि मिशिगनमधील दोन मोठ्या कुटुंबांचा अभ्यास 1966 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा दोन्हींत एकच ठेवण दिसली: मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाचा कर्करोग, तोही ऐन उमेदीत, पिढी न चुकवता.

याच्या कितीतरी आधी, 1913 साली, रोगनिदानतज्ज्ञ ऑल्ड्रेड वॉर्थिन यांनी मिशिगनमधील ‘जी’ कुटुंबाविषयी असेच लिहून ठेवले होते. आपण अकाली कर्करोगाने मरणार असे त्यांना 1895 मध्ये सांगणारी त्या घरातली शिवणकाम करणारी स्त्री पुढे खरोखरच गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली. लिंच आणि क्रश यांनी त्या कुटुंबाचा पुन्हा शोध घेऊन 1971 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. केवळ निवडीमुळे भासणारी गोष्ट अशी नव्या पिढ्यांत पुन्हा पुन्हा उतरत नाही.

तरीही निवडीचा दोष एका ठिकाणी खरोखर भोवला, आणि तिथे मी आपल्या बाजूचा आहे. जास्त रुग्ण असलेल्या घरांवरून काढलेले आयुष्यभराच्या धोक्याचे सुरुवातीचे आकडे फुगलेले होते. आता ते खाली आले असून कोणते जनुक सदोष आहे त्यानुसार बरेच बदलतात.

खाण्यापिण्याच्या मुद्द्याचे उत्तर 1993 नंतर मिळाले. पेशी विभागताना डीएनएच्या नकलेत राहिलेल्या चुका मुद्रितशोधकासारख्या दुरुस्त करणारी एमएसएच2 आणि एमएलएच1 ही जनुके तेव्हा लागोपाठ हाती लागली. त्यांपैकी एक सदोष असलेल्या पालकाकडून तो दोष प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते, म्हणजे एकाच पंक्तीला जेवून वाढलेल्या सख्ख्या भावंडांतही एकाला मोठा धोका आणि दुसऱ्याला चारचौघांइतकाच. वॉर्थिन यांच्या ‘जी’ कुटुंबातही पुढे एमएसएच2मधलाच दोष सापडला. आहाराचा परिणाम होतच नाही असे मी म्हणत नाही, पण ही विभागणी त्याने उलगडत नाही.

राहिला धास्तीचा प्रश्न. फिनलंडमध्ये अशा 22 कुटुंबांवर पंधरा वर्षे लक्ष ठेवले गेले. दर तीन वर्षांनी दुर्बिणीने आतडे तपासून घेणाऱ्या 133 जणांपैकी 8 जणांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला, तर न तपासलेल्या 119 जणांपैकी 19 जणांना. पहिल्या गटात या कर्करोगाने कोणी दगावले नाही, दुसऱ्यात 9 जण दगावले. हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते हे आपण लगेच दाखवून द्याल, आणि ते योग्यच ठरेल. पण फरक एवढा आहे की तो त्या त्रुटीने पुसला जात नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे तिघांमागेच लिंच सिंड्रोम, म्हणजे या दुरुस्ती करणाऱ्या जनुकांतला आनुवंशिक दोष, असतो, त्यामुळे हा लेख वाचून सर्वांनी तपासणीसाठी धाव घ्यावी असे मी सुचवलेले नाही. एमएलएच1 किंवा एमएसएच2 सदोष असलेल्यांची तपासणी युरोपातील मार्गदर्शनानुसार 25व्या वर्षी सुरू होते आणि एमएसएच6 किंवा पीएमएस2 ही त्याच कामाची दुसरी जनुके सदोष असलेल्यांची 35व्या. आपले वय कोणत्या रांगेत बसते, हे कळायला आधी घरातल्या कोणाला, कोणत्या वयात, नेमका कशाचा कर्करोग झाला ते माहीत असावे लागते.