बिल निघालं, पण कोणाचं?

सरकारी कामात मुख्य ठेकेदाराने पैसे थकवले तर ‘पोट-कंत्राटदाराने (त्याच्याकडून काम घेणाऱ्याने) थेट खात्याकडे दाद मागावी’ हा तुमच्या लेखातला सल्ला वाचून हसू आलं. खातं ऐकूनच घेत नाही हो! करार मुख्य ठेकेदाराशी, एम.बी.त (कामाच्या मोजमाप वहीत) नोंद त्याच्या नावाने, अनामतही त्याचीच. लेखी परवानगीशिवाय काम दुसऱ्याला द्यायचं नाही, ही अट तर बहुतेक निविदांत असतेच. म्हणजे प्रत्यक्ष चर खणून पाइप टाकणारा माणूस कागदावर नसतोच. २०२५ मध्ये जलजीवनच्या (घरोघरी नळाच्या सरकारी योजनेच्या) थकबाकीची बोंब झाली तेव्हा पोट-कंत्राटदाराबद्दल ‘त्यांच्या नावावर आमच्याकडे बिलच नाही’ हे सरकारी उत्तर आपण ऐकलंच.

गंमत बघा, मजुराची मजुरी ठेकेदाराने बुडवली तर ती मूळ मालकाने द्यावी, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होती. पोट-कंत्राटदाराला तसं काही नाही. अमेरिकेत १९३५ च्या मिलर कायद्यामुळे केंद्र सरकारच्या मोठ्या बांधकामांवर मुख्य ठेकेदाराला पेमेंट बाँड (खालच्यांचे पैसे मिळतील याची हमी) द्यावाच लागतो आणि खालचा माणूस त्यावर दावा करू शकतो.

लेखात लघुउद्योगांचं देणं ४५ दिवसांत चुकतं करायला लावणाऱ्या एमएसएमई कायद्याचा आधार दिलाय, पण वर्क्स कॉन्ट्रॅक्टला (माल आणि मजुरी एकत्र असलेल्या कामाला) तो लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलंय. नुसता माल पुरवणाऱ्याची गोष्ट वेगळी, पण त्याचीही उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) कराराच्या आधीची असलेली बरी. बाकीच्यांनी निदान वर्क ऑर्डर लेखी घ्यावी आणि मोजमापाच्या प्रतीवर मुख्य ठेकेदाराची सही. व्हॉट्सॲपवरच्या ‘भाऊ, करून टाका’वर वसुलीचा दावा लढवणं फार जड जातं.