लायटरवर विझणारी वायर डक्टमध्ये विझत नाही

मामांनी परवा एक व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "बघ, उगाच सोसायटीला खर्चात टाकत होतास." व्हिडिओत एकजण एफआर, म्हणजे आग सहज न धरणाऱ्या, वायरीच्या तुकड्याला लायटर लावतो, बाजूला घेतो, ज्योत विझते. खाली मजकूर: एफआर वायरीतून आग पसरतच नाही, आग करंटबरोबर धावते, मेन बंद केला की थांबते, डक्टची, म्हणजे वायरी मजल्यामजल्यांतून वर नेणाऱ्या उभ्या पोकळीची, स्लॅबमधली भोकं बुजवू नका, वायरी तापतात, एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) सारखा पडत असेल तर मोठा टाका. मामा कमिटीत आहेत. भोकं बुजवायचं काम त्यांनी थांबवलं. मी वीस वर्षं वायरिंग करतोय, मला हे बघवत नाही.

व्हिडिओ खोटा नाही, एवढं मान्य. एकटी एफआर वायर अशीच विझते. पण डक्टमध्ये ती एकटी असते कुठे? मामांच्याच चौथ्या मजल्यावर दार उघडून बघा. मनगटाएवढा जुडगा, त्यातच केबलवाल्याच्या आणि इंटरनेटच्या वायरी टाय मारून बांधलेल्या, खाली कुणीतरी ठेवलेला झाडू. तिथे एक वायर पेटली की शेजारची भाजते, तिच्या प्लास्टिकमधून सुटलेला वायू पेटतो, आतलं तांबं उष्णता पुढे नेतं आणि वर चढणारी गरम हवा वरच्या वायरी आधीच तापवून ठेवते. म्हणून तर केबलच्या आगीच्या चाचण्यांचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी 60332, त्यामध्ये एकट्या वायरीची चाचणी भाग 1 मध्ये आणि जुडग्याची वेगळी, भाग 3 मध्ये आहे.

करंटबरोबर आग धावत नाही. जळतं ते प्लास्टिक. मेन सगळ्यात आधी बंद करायचाच, पण पेटलेला जुडगा तेवढ्याने विझत नाही.

भोकांचा सल्ला मात्र जीवघेणा आहे. 22 मार्च 1975, अमेरिकेत अलाबामातलं ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्र. भिंतीतून केबल जातात तिथली फट नीट बुजली आहे का, हे कामगार मेणबत्ती धरून बघत होते. हवेच्या ओढीने ज्योत आत खेचली गेली, फटीत भरलेला फोम पेटला आणि आग केबलवरून पलीकडच्या खोलीत गेली. सुमारे सात तास आग चालली, 1600 हून जास्त केबल खराब झाल्या. सुरुवात शॉर्टसर्किटने नव्हे, मेणबत्तीने! तेव्हा फट उघडी ठेवायची नाही, आणि हार्डवेअरच्या दुकानातला साधा फोमही तिच्यात मारायचा नाही. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 सुद्धा वायरिंगचा डक्ट प्रत्येक मजल्याला फायर स्टॉप मटेरियलने, म्हणजे आग अडवणाऱ्या भरावाने, बंद करायला सांगते. नाहीतर तो डक्ट म्हणजे धुराडं, आणि पीव्हीसीच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो. वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसं आधी त्या धुरात सापडतील.

दाटीने वायरी तापतात हे खरं, पण त्याला उपाय जाड वायर. भोकं बुजवायची ती फक्त स्लॅबपाशी, अख्खा डक्ट नाही.

एमसीबीचं काय सांगू! दीड स्क्वेअर मिलिमीटरच्या वायरीवर 32 अँपिअरचा घातलात तर जास्त लोडला वायरीचं प्लास्टिक वितळेल आणि एमसीबी पडणार नाही.

मामा, रविवारी मी माणसं घेऊन येतो. तेवढा झाडू आधी काढून ठेवा.