माणशी किती?

ग्रुपवर "गोवा फायनल!" पडलं की पाच मिनिटांत प्रश्न येतो, पेट्रोलचे माणशी किती? विचारणारा हमखास तो असतो ज्याची गाडी न्यायची नसते, आणि उत्तरही तोच देऊन टाकतो. पुणे ते पणजी 450, जाऊन-येऊन 900, भागिले 22, गुणिले 104. साडेचार हजारांच्या आत, पाच जणांत साडेआठशे! खाली पटापट अंगठे पडतात. गाडीवाला तेवढा गप्प बसतो, कारण खरा आकडा जवळपास दुप्पट निघणार हे त्याला ठाऊक असतं आणि आत्ताच बोललं तर सहल मोडेल ही भीतीही असते.

सूत्रात काही चूक नाही. अंतर भागिले ॲव्हरेज, गुणिले दर, भागिले डोकी. चौथीतलं पोर सोडवील. फक्त त्यात घातलेला एकही आकडा खरा नसतो, डोक्यांचासुद्धा.

आधी अंतर. कोल्हापूर, बेळगाव, चोर्ला घाट या वाटेने पणजी साधारण साडेचारशे किलोमीटर, हे बरोबर. पण हे पुणे म्हणजे नकाशावरचा ठिपका. आपल्यातला एक वारज्यात, एक विमाननगरला आणि एक पिंपळे सौदागरला राहतो. त्यांना आणि त्यांच्या बॅगांना गोळा करत कात्रजला पोचेपर्यंत 25-30 किलोमीटर झालेले असतात, तेही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. पुढे गोव्यात तर गाडी जणू पार्किंगमध्येच उभी राहणार असं सगळे धरून चालतात. खोली स्वस्तात मिळाली म्हणून मुक्काम दक्षिणेला आणि उत्साह सगळा उत्तरेला. पणजी ते पाळोळे एका बाजूनेच सत्तरच्या आसपास आहे. रोजचे 60 धरा, चार दिवसांचे 240. गोळा करण्याचे, चुकलेल्या वळणांचे आणि "इथून जवळच आहे म्हणे"चे मिळून 60 वर टाका. 900 चे 1200 झाले. अजून गाडी सुरूही केलेली नाही.

आता ॲव्हरेज. ब्रोशरमधला 22 हा आकडा गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या एआरएआयसारख्या संस्थेच्या प्रयोगशाळेत जन्माला येतो. एआरएआय आपल्या पुण्यातच आहे, 1966 पासून. चाचणीत गाडी रोलरवर धावते, एसी बंद असतो, वेग 90 च्या वर जात नाही आणि सरासरी वेग ताशी तीसेक किलोमीटर असतो. तिथे खड्डा नाही, खंबाटकीचा घाट नाही, मागच्या सीटवर "जरा एसी वाढव रे" म्हणणाऱ्या मावशी नाहीत. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उत्तम. त्यावर वर्गणी काढणं म्हणजे पत्रिकेतले छत्तीस गुण बघून संसाराचं बजेट आखणं.

खरं ॲव्हरेज काढायची एकच पद्धत मी मानतो, टाकी फुल ते टाकी फुल. सपाट जागी उभं राहून नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडेपर्यंत पेट्रोल भरायचं आणि ट्रिप मीटर शून्यावर आणायचा. किमान अडीचशे-तीनशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरायचं. किलोमीटर भागिले लिटर. बस्स. हे बिघडतं ते एका वाक्याने, "राऊंड फिगर करू का साहेब?" कट झाल्यावर पंपवाला प्रेमाने अर्धा लिटर आणखी कोंबतो आणि पंधरा लिटरच्या मापात तीन टक्क्यांची चूक होते. शिवाय गळ्यापर्यंत भरलेलं पेट्रोल वाफा शोषणाऱ्या कोळशाच्या डबीत शिरतं, आणि ती खराब झाली की नवीनच घालावी लागते. डॅशबोर्डवर दिसणारं ॲव्हरेज मोफत मिळतं खरं, पण ते बहुतेक गाड्यांत जरा खुशीतच असतं.

तेव्हा 22 ला कात्री लावू. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं आणि लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या मानाने सहा-सात टक्के तिथेच गेले. मग वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 80 ऐवजी 110 ने गेलात की हा विरोध जवळजवळ दुप्पट होतो आणि 18 देणारी गाडी 14 वर येते. वाचलेला वेळ सातारा गेल्यावर चहाच्या टपरीवर खर्च होतो. टपावर कॅरिअर असेल तर ॲव्हरेज आणखी खाली. टायरमधली हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली असते, भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो, आणि ती थंड टायरमध्ये तपासायची असते. पन्नास किलोमीटर पळवून मग तपासली की काटा जास्त दाखवतो आणि आपण सुज्ञपणे असलेली हवाही काढून टाकतो.

घाटाबद्दल मात्र थोडं सविस्तर, कारण हे कोणीच धरत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, बेळगाव साडेसातशेच्या घरात, चोर्ला आठशेच्या आसपास आणि पणजी समुद्राला लागून. म्हणजे एकूण हिशेबात आपण गोव्याला उतरतो आणि पुण्याला चढतो. माणसं, बॅगा धरून साडेतेराशे किलोची गाडी 600 मीटर वर न्यायला साधारण ऐंशी लाख ज्यूल लागतात. इंजिन पेट्रोलमधला जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचवतं, हे धरलं की हिशेब एका लिटरवर येतो. चोर्ला खालून चढायला सव्वा लिटरच्या पुढे. उतरताना हे सगळं परत मिळत नाही, ब्रेकच्या उष्णतेत जातं. उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे काका प्रत्येक गाडीत एक असतात. त्यांना सांगा, गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की आजकालच्या इंजिनात पेट्रोल जाणंच थांबतं. न्यूट्रलमध्ये उलट ते आयडलिंगसाठी जळत राहतं, शिवाय इंजिनचा ब्रेकही जातो. काका ऐकणार नाहीत. स्टिअरिंग त्यांना देऊ नका, एवढंच आपल्या हातात आहे.

आता बेरीज. हायवेचे आणि भटकंतीचे 960 किलोमीटर 16 च्या ॲव्हरेजने 60 लिटर. गोव्यातले 240, गल्लीबोळ आणि पार्किंग शोधणं धरून, 12 ने 20 लिटर. परतीच्या घाटाचे 2. झाले 82 लिटर. ग्रुपवर एक्केचाळीस ठरले होते.

दराचं त्या मानाने सोपं आहे. 2017 पासून पेट्रोलचा भाव रोज सकाळी सहाला ठरतो, आणि पेट्रोल जीएसटीत नसल्याने प्रत्येक राज्याचा कर वेगळा. गोव्यात ते आपल्यापेक्षा स्वस्त पडतं. हिशेबापुरते पुण्यात 104 आणि गोव्यात 97 धरू, तुम्ही निघाल त्या दिवशीचे भाव बघून घ्या. 37 लिटरची टाकी पुण्यात फुल केली की पणजीला सात लिटर शिल्लक ठेवून पोचता येतं. फिरणं आणि परतीची फुल टाकी तिथल्याच पेट्रोलवर करायची. तीनशे-साडेतीनशे रुपये वाचतात. बेळगाव सोडताना काटा एकदा बघा. पुढे जंगल सुरू झाल्यावर पंप शोधण्यात मजा नाही. सीएनजीवाल्यांचा हिशेब निराळा. सिलिंडर 60 लिटरचा असला तरी गॅस आठ-नऊ किलोच बसतो, डिकीत तोच असल्याने बॅगा मांडीवर येतात आणि रांगेतल्या तासाचे पैसे कोणी माणशी वाटत नाही.

तर बिल सव्वाआठ हजार, माणशी साडेसोळाशे. त्यात टोल नाही. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी, कोगनोळी, हत्तरगी, प्रत्येक ठिकाणी फास्टॅगचा मेसेज फक्त गाडीवाल्याच्या मोबाईलवर येतो, त्यामुळे बाकीच्यांच्या दृष्टीने तो रस्ता फुकट असतो. फास्टॅगचा वार्षिक पास असेल तर त्याचे पैसे कोणाच्या नावावर टाकायचे, यावर वेगळी बैठक लागते.

भांडण टाळायचं असेल तर निघताना टाकी फुल, वाटेतल्या सगळ्या पावत्या एका पाकिटात, परत आल्यावर पहिल्याच पंपावर पुन्हा फुल. निघतानाची पावती सोडून बाकीच्यांची बेरीज म्हणजे खर्च. ॲव्हरेजची गरज नाही, वादाची नाही. उरतात ती डोकी. सहा वर्षांच्या मुलाचं अर्धं धरायचं का, हा प्रश्न त्याची आई विचारत नाही, मामा विचारतो. आणि एक जण तिसऱ्या दिवशी ऑफिसचा फोन येऊन मडगावहून रेल्वेने परत जातो. तो अर्धीच वर्गणी देतो, आणि घाटाचा हिशेब केला तर तीही जास्तच आहे, असं ग्रुपवर सप्रमाण लिहितो, कारण तो फक्त उतरलाय. चढाचं पेट्रोल उरलेल्या चौघांत वाटलं जातं.