सुट्टी वसूल करण्याची शास्त्रोक्त पद्धत

घरात सोळा वर्षांचा मुलगा आणि चौदा वर्षांची मुलगी असेल, आणि मे महिन्यात दोघंही दुपारी बारापर्यंत झोपत असतील, तर वेळीच हालचाल करा. वयात येणाऱ्या मुलांचं झोपेचं घड्याळ तास-दोन तास पुढे सरकतं, त्यांना रात्री झोप उशिरा लागते आणि सकाळी जाग उशिरा येते, असं डॉक्टर सांगतात. सांगू देत. डॉक्टरांना तुमच्या मुलांना घेऊन सहलीला जायचं नसतं. सुट्टी म्हणजे पहाटे पाचला आंघोळ करून गाडीत बसणं, हा संस्कार आपल्यालाच करावा लागतो.

चार दिवसांत एक दिवस थीम पार्क आणि तीन दिवस समुद्र, हा सध्याचा सर्वमान्य साचा. मुलांना थरार, आपल्याला आराम. पुण्याहून निघालं तर खोपोलीजवळ इमॅजिका वाटेवरच आहे, आणि तिथून साठ-सत्तर किलोमीटरवर अलिबाग. नकाशावर ही सहल इतकी सोपी दिसते की आजवर ती कोणाला कशी सुचली नाही, असं वाटतं. सगळ्यांना सुचलेली असते, हे घाटात कळतं.

तारखा ठरवताना मुलांना विचारायचं नाही, मुलाच्या क्लासला विचारायचं. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते, एप्रिलमध्ये इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा क्लास सुरू होतो, आणि तो क्लास मे महिन्यात उदार मनाने चार दिवस सुट्टी देतो. शहरातले बाकीचे क्लासही नेमके त्याच चार दिवसांत उदार होतात. तेव्हाच निघा. बोरघाटात गाडी तासभर जागची हलली नाही की काच खाली करून "एवढी माणसं येतात तरी कुठून?" असं विचारा. शेजारच्या गाडीतला गृहस्थही तेच विचारत असतो.

मुलं मोठी झाली आहेत, तेव्हा त्यांना निर्णयात सहभागी करून घ्या. व्हॉट्सॲपवर ग्रुप काढा. त्यावर मतदान घ्या: पर्याय एक, थीम पार्क आणि अलिबाग, पर्याय दोन, अलिबाग आणि थीम पार्क. मुलगा 'के' एवढं एकच अक्षर पाठवेल. मुलीच्या निळ्या खुणा दिसतील, उत्तर येणार नाही. ठराव बहुमताने मंजूर झाला असं समजून एक्सेलमध्ये वेळापत्रक मांडायला घ्या. त्यात 'दुपारी ४ ते ५:३० आराम' अशी ओळ हवीच, नाहीतर आराम राहून जातो.

पार्कात शिरताना आपलं बालपण सांगायला सुरुवात करा. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं, शाळेची सहल एसटीने मुंबईला गेली, मग लाँचमध्ये बसून खाडी ओलांडली, पन्नास जणांत मिळून दोन कॅमेरे होते, हे सगळं रांगेत सांगून होतं. त्याही आधी पुण्याच्या पेशवे पार्कातली फुलराणी ही छोटी आगगाडी हाच आपला थरार होता, हेही सांगा. इमॅजिका २०१३ साली उघडलं, तेव्हा तुमचा मुलगा चार वर्षांचा होता. दारातल्या उंचीच्या पट्टीखाली तो टाचा वर करून उभा राहिला होता, आणि तरी चार बोटं कमीच पडला होता. "पुढच्या वर्षी" असं तुम्ही म्हणालात. आता तो तुमच्याहून दोन बोटं उंच आहे, आणि पट्टीकडे न बघता फोनमध्ये बघत आत जातो. (हा परिच्छेद मी सल्ला म्हणून सुरू केला होता. असो.)

बरोबर दशम्या, गुळपोळी, चिवडा आणि एक डबा भरून कापलेलं कलिंगड न्यायचं. बाहेरचं खाणं आत चालत नाही हे तिकिटावर छापलेलं असतं, पण तो नियम इतरांसाठी असतो. दारात पिशवी उघडायला लावली की "घरचं आहे हो, मुलीच्या पोटाला बाहेरचं सोसत नाही" एवढं म्हणून पाहा. मुलगी तेव्हा दहा पावलं लांब उभी राहून आपण कोणाबरोबर आलेलो नाही असं दाखवत असेल. मग पार्किंगमध्ये परत या आणि, अन्न टाकायचं नाही या न्यायाने, सव्वादहा वाजता अकरा दशम्या चौघांत संपवा. त्यानंतर वीस मिनिटांनी पहिली राइड घ्या. दशमी किती हलकी असते, याचा निकाल तिथे लागतो.

आता मुख्य शास्त्र. एका तिकिटाची रक्कम भागिले राइडची संख्या. चार राइड घेतल्या तर राइड केवढ्याला पडली आणि चौदा घेतल्या तर केवढ्याला, हा हिशोब फोनमध्ये मांडून ठेवा आणि प्रत्येक राइडनंतर मोठ्याने जाहीर करा. मुलांना एकच कोस्टर सहा वेळा घ्यायचा असतो. हे अर्थशास्त्रात बसत नाही. जे जे फुकटात फिरतं त्या त्या सगळ्यात बसायचं, मग ते लहान मुलांचं घोड्यांचं चक्र का असेना. सोळा वर्षांचा, मिशी फुटलेला मुलगा गुलाबी घोड्यावर गुडघे हनुवटीला लावून बसला की त्याचा फोटो काढून लगेच 'कुटुंब' ग्रुपवर टाका. तिथे सदतीस नातेवाईक आहेत. "बाबा, क्रिंज होतंय," असं तो म्हणेल. शब्दाचा अर्थ विचारत बसू नका.

रांगेतला वेळ वाया घालवू नका. रांग टाळायचं वेगळं, महाग तिकीट मिळतं. ते घेतलं तर भौतिकशास्त्राची उजळणी कधी करणार? कोस्टरच्या लूपकडे बोट दाखवून विचारा: वरच्या टोकाला डबा पडू नये म्हणून किमान वेग किती हवा? मुलगा मान वर न करता "रूट जीआर" म्हणेल. तुम्हाला आनंद होईल. मग तो, कोणी विचारलं नसताना, पुढे सांगेल की लूप पूर्ण गोल केला तर खालून आत शिरताना माणसाला स्वतःच्या वजनाच्या सहापट भार सोसावा लागेल, म्हणून खरे लूप गोल नसतात, पाण्याच्या थेंबासारखे वर निमुळते असतात. हे तुम्हाला माहीत नव्हतं. "अभ्यासातलं बोल," असं म्हणून विषय बदला.

मोठ्या कोस्टरच्या तोंडाशी एक फलक असतो: रक्तदाब, हृदयविकार, पाठीचं दुखणं असणाऱ्यांनी बसू नये. तो सावकाश, दोनदा वाचा, आणि "मी बॅगा सांभाळतो" म्हणा. पिढ्यान्‌पिढ्या बाबा लोक बॅगाच सांभाळत आले आहेत, त्यात कमीपणा नाही. पण मुलगी मान तिरकी करून "घाबरलात?" असं विचारते, तेव्हा नव्वदच्या दशकातल्या त्या लाँचची आठवण होते आणि तोंडून भलतंच निघतं. पुढची दोन मिनिटं मी इथे वर्णन करत नाही. फक्त एवढं सांगतो की पहिल्या उतारावर एक कॅमेरा बसवलेला असतो, आणि बाहेर पडताना काउंटरवर तो फोटो विकत मिळतो. मुलगी स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून काही विकत घेते, असं त्या दिवशी पहिल्यांदाच घडतं.

संध्याकाळी पार्क बंद झालं की तिथेच मुक्काम करण्याचा मोह आवरा. एका रात्रीचं भाडं वाचतं. अंधारात पेणच्या रस्त्याला लागा आणि वडखळला थांबा. थांबा म्हणजे, थांबावंच लागतं. एक फाटा अलिबागला जातो, दुसरा गोव्याला, आणि २०११ साली रुंदीकरणाला लागलेल्या गोवा महामार्गाबद्दल चार शब्द बोलायला इथे निवांत वेळ मिळतो. मुलं मागे कानात बोंडं घालून झोपलेली असतील. त्यांना उठवून ऐकवा.

राहायला नारळ-पोफळीच्या वाडीतली घरगुती सोय बघा. चौघांना एक खोली, एक जादा गादी आणि चार्जिंगचा एकच पॉइंट. त्या पॉइंटवरून जे संवाद होतात त्यांना कुटुंबाने एकत्र वेळ घालवणं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला सगळ्यांना उठवून समुद्रावरचा सूर्योदय दाखवायला न्या. चौघं वाळूत ओळीने, तोंड पाण्याकडे करून उभे राहा. पंधरा मिनिटांनी उजेड होईल, समुद्र तसाच राखाडी राहील, आणि सूर्य तुमच्या पाठीमागून, डोंगराच्या बाजूने, कोणाच्या तरी गोठ्यावरून वर येईल. कोकणचा किनारा पश्चिमेला आहे. हे मुलीला चौथीत शिकवलेलं असतं, पण ती आदल्या दिवशी बोलली नाही, कारण तिला कोणी विचारलं नव्हतं.

भरती-ओहोटीचा विचार करू नका; हॉटेलच्या फोटोत समुद्र पायरीपर्यंत आलेला आहे, तो तिथेच असणार. गावाकडची आजी फोनवर विचारेल, "आज तिथी कोणती रे?" तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती, आणि तिथून सहाएक तासांनी ओहोटी, असा तिचा हिशोब असतो. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला. "आई, आता ॲप असतात," असं म्हणून फोन ठेवा आणि ॲपही बघू नका. मग पौर्णिमेच्या संध्याकाळी सहाला, टॉवेल-चटई-बादलीसकट किनाऱ्यावर पोहोचलात की समुद्र क्षितिजाशी टेकलेला दिसेल आणि मध्ये पसरलेली ओली पुळण. खरं तर हीच पाण्यातल्या कुलाबा किल्ल्यापर्यंत पायी जायची वेळ. पण किल्ला तुम्ही एक्सेलमध्ये दुपारी बाराला टाकलेला होता, आणि पौर्णिमेला बाराला तिथे भरती होती.

(इथे एक सरळ सांगतो. ओहोटीचं पाणी आत ओढतं. गावातला माणूस किंवा जीवरक्षक पाण्यात जाऊ नका म्हणाला, तर जाऊ नका. एवढं संपलं की पुन्हा आपल्या विषयाकडे.)

गाडी वाळूत न्या. चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी तुम्ही चौदा लाख कर्ज काढून घेतली आहे, ती काय सोसायटीचा स्पीडब्रेकर ओलांडायला? मुलाला रील काढायला सांगा. गाडी रुतते, पुढची भरती आजीच्या हिशोबाप्रमाणे येते, आणि वाडीवरून ट्रॅक्टर घेऊन एक माणूस येतो. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नसतं. दोर बांधता बांधता तो दर सांगतो, आणि लाटा बंपरला लागत असल्याने घासाघीस करता येत नाही. सबंध सहलीत मुलगा मनापासून हसला तो इथे. ते रील तुमच्या लग्नाच्या व्हिडिओपेक्षा जास्त लोकांनी पाहिलं आहे.

दुपारी आरामाची वेळ येते. झोपाळ्यावर पडून राहणं म्हणजे आराम नव्हे. आरामाच्या वेळेत मुलांना काहीतरी ज्ञानवर्धक दाखवा. अलिबागला भूचुंबकीय वेधशाळा आहे, निदान बाहेरून दाखवा आणि तिची गोष्ट सांगा. ती आधी मुंबईत कुलाब्याला होती. शहरात विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर नोंदी बिघडतील म्हणून १९०४ साली काम अलिबागला हलवलं. चुंबकसूचीला इथे निवांतपणा मिळाला. अलिबागला येऊन निवांतपणा मिळालेली ती बहुधा शेवटचीच.

वेळ उरला तर मुरूडला जाऊन जंजिरा बघा. समोर शिवाजी महाराजांचा पद्मदुर्ग उभा राहिला, संभाजी महाराजांनी खाडीत दगड टाकून सेतू बांधायला घेतला, तरी सिद्दीने दार उघडलं नाही. आतून कडी लावलेल्या मुलाच्या खोलीबाहेर दर रविवारी उभं राहणाऱ्या माणसाला हा इतिहास वेगळा शिकवावा लागत नाही.

जेवताना सुरमईचं ताट मागवा आणि सोलकढीचे फायदे सांगा. मुलगी चीज मॅगी मागेल. "इथे येऊन मॅगी?" हे वाक्य किमान तीन जेवणांना पुरतं. चौथ्या जेवणाला तुम्ही तिच्या ताटलीतली दोन चमचे मॅगी खाल, त्याची नोंद कुठे ठेवू नका.

परतताना रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा दिसतील. भौगोलिक मानांकन मिळालेला कांदा आहे, एक माळ घेऊन भागत नाही, सहा घ्या. डिकीत जागा नसेल तर मागच्या सीटवर, दोघांच्या मध्ये ठेवा. पेणला पापड आणि पोहे. काचा बंद, एसी चालू. घाट चढेपर्यंत मुलं एकमेकांशी बोलायला लागतात. विषय तुम्हीच असता, पण बोलतात.

घरी आल्यावर दोघं आपापल्या खोलीत जातील आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एकला उठतील. तोवर तुम्ही खर्चाचा हिशोब मांडून घ्या. ट्रॅक्टर 'प्रवास' या सदरात टाकायचा, त्या फोटोचा खर्च मुलीने केल्याने तो धरायचा नाही. मग दिवाळीच्या सहलीचं वेळापत्रक ग्रुपवर टाका. दोन मिनिटांत उत्तर येईल. त्या कोस्टरच्या फोटोतला तुमचाच चेहरा, डोळे मिटलेले, तोंड उघडं, गाल कानाशी गेलेले, कापून त्याचा स्टिकर केलेला. आधी मुलगी पाठवते. मग मुलगा. मग आई.

होकार समजा आणि बुकिंग करून टाका.