भाच्याच्या खिशातला खर्रा: वणीकडच्या काकाजींना उत्तर

काकाजी, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि लगेच उत्तर टाइप करायला घेतलं होतं, पण अर्ध्यात थांबली, कारण तुम्ही लिहिलं त्यातलं बरंचसं खरं आहे आणि खऱ्या गोष्टीला तावातावानं उत्तर देणं बरं नाही. आज क्लिनिक बंद केल्यावर शांतपणे बसून लिहून राहिली आहे, जरा लांबेल, पण वाचून घ्या.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की डेंटलला गेल्यावर पोरापोरींच्या स्वतःच्या दातांच्या सवयी सुधरतात. त्यावर काकाजींचं म्हणणं असं, की माझा भाचा बीडीएसच्या सेकंड इयरला आहे, सुट्टीत घरी आला तर खिशात खर्र्याची, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखू-चुन्याची, पुडी सापडली, दात पहिल्यासारखेच पिवळे, मंग शिकून फरक काय पडला? पेपरात बरोबर लिहिणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं. आणि आमच्या बाबांनी जन्मभर बाभळीच्या काडीनं दात घासले, ऐंशीव्या वर्षी फुटाणे फोडून खात होते, हा सगळा पेस्टवाल्यांचा धंदा आहे.

आधी पिवळ्या दातांचं घेते, कारण ते मला लागलं.

तुम्ही वणीकडचे, मी पांढरकवड्याजवळच्या गावची. आपल्या या यवतमाळच्या पट्ट्यात कितीतरी गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपर्यंत चालतं, त्याच्या वर गेलं आणि लेकरू तेच पाणी पीत राहिलं की पक्के दात हिरडीच्या आत तयार होत असतात तेव्हाच, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, दाताचं वरचं कवच बिघडतं. पांढरे ठिपके, पिवळे पट्टे, जास्तच असलं तर चॉकलेटी. याला फ्लोरोसिस म्हणतात. दात बाहेर येतो तोच बिघडलेलं कवच घेऊन येतो, डाग त्या कवचाच्या आत असतो, म्हणून तो घासून जातच नाही, कितीही घासा. तुमच्या भाच्याचे दात त्या पाण्यानं पिवळे असतील तर तो दिवसातून चार वेळा ब्रश करत असला तरी पिवळेच दिसणार. त्यावरून तो शिकला की नाही हे ठरवू नका काकाजी.

मला हे माहीत आहे कारण माझे तसेच आहेत. नववीत असताना बाईंनी भर वर्गात विचारलं होतं, काहून गं, दात घासून येत नाहीस का? घरी येऊन मी चुलीतल्या कोळशाची पूड केली, त्यात मीठ टाकलं आणि बोटानं रक्त येईपर्यंत घासलं. मंग बाजारातून सगळ्यात कडक ब्रश आणला. असं तीन-चार वर्षं केलं. डाग तर गेले नाहीतच, पण दोन्ही सुळ्यांच्या मुळाशी हिरडीजवळ खाच पडली, रांजणातलं थंड पाणी प्यायलं की कळ मस्तकात जायची. आणि हसताना तोंडावर हात, तो हात तर सवयीनंच वर जायचा, फोटोतसुद्धा.

कॉलेजात थर्ड इयरला एका मॅडमनी तो हात पाहिला. सगळे गेल्यावर मला खुर्चीत बसवलं, लाइट तोंडावर घेतला, छोट्या आरशानं एकेक दात पाहिला आणि म्हणाल्या, हा फ्लोरोसिस आहे, तू घासत नाहीस असं नाही, तू गरजेपेक्षा जास्त घासतेस. एवढंच म्हणाल्या. मी रूमवर जाऊन कडक ब्रश फेकला आणि त्याच संध्याकाळी मऊ ब्रश आणला. फ्लोरोसिस हा शब्द मी त्याआधी पुस्तकात वाचला नव्हता का? वाचला होता, त्यावर टीप पण लिहिली होती आणि मार्क पण मिळाले होते. पण तो माझ्या तोंडात आहे हे मला त्या खुर्चीत कळलं. तुम्ही पेपर आणि सवय वेगळी म्हणता ना, ते मी इतक्या जवळून पाहिलेलं आहे.

आता काडीचं. बाभळीची नाहीतर कडुनिंबाची काडी नीट चावून, कुंचा करून, निवांत बसून घासली तर दात साफ होतात, मी नाही म्हणत नाही. दोन दातांच्या फटीत ती जात नाही आणि तिच्यात कीड रोखण्याइतकं फ्लोराइड नसतं, एवढंच. (हो, तेच फ्लोराइड. लहानपणी पोटात जास्त गेलं तर तयार होणारा दात बिघडवते, आणि तयार झालेल्या दाताला पेस्टमधून वरून लागलं तर किडीपासून वाचवते, म्हणून लहान लेकरांना पेस्ट वाटाण्यापेक्षा जास्त द्यायची नाही आणि थुंकायला शिकवायचं.) पण तुमच्या बाबांचे दात टिकले त्यात काडीपेक्षा ज्वारीची भाकर जास्त कामाची आली असेल, त्यांच्या काळात दिवसातून सहा वेळा साखरेचा चहा आणि त्यात बुडवलेलं बिस्किट नव्हतं. आणि त्यांच्याच वयाची, पन्नाशीतच तोंडाचं बोळकं झालेली किती माणसं गावात होती ते पण एकदा आठवून बघा. ती फुटाणे खात नव्हती म्हणून आपल्या ध्यानात राहिली नाहीत.

मुद्द्याचं पुढं आहे.

जपानात हिरोशिमा युनिव्हर्सिटीच्या माकोतो कावामुरा यांनी १९८८ मध्ये २० प्रश्नांची एक यादी केली, फक्त हो किंवा नाही म्हणायचं. घासताना हिरडीतून रक्त येतं का, ब्रश कडक वापरता का, जोर लावल्याशिवाय घासल्यासारखं वाटत नाही का, दात दुखेपर्यंत डॉक्टरकडे जायचं टाळता का, म्हातारपणी कवळी लागणारच असं वाटतं का, दातांच्या रंगाची काळजी वाटते का. ही यादी मंग कितीतरी देशांत डेंटलच्याच पोरांना भरायला दिली, आपल्या भारतात पण, आणि बहुतेक ठिकाणी दिसलं काय तर फर्स्ट इयरच्या पोरांपेक्षा पेशंट पाहायला लागलेल्या वरच्या वर्षांच्या पोरांची उत्तरं चांगली असतात. माझा मागचा लेख याच्यावरच उभा होता.

तुम्ही म्हणाल, वरच्या वर्षाच्या पोराला बरोबर उत्तर माहीत झालं म्हणून त्यानं बरोबर टिक केलं. काकाजी, ही शंका रास्त आहे, मी मागच्या लेखात ती लिहायला पाहिजे होती आणि लिहिली नाही, चूक झाली. कागदावर माणूस स्वतःबद्दल बरंच लिहितो. आमच्या बॅचचंच सांगते, फायनल इयरपर्यंत मऊ ब्रश सगळ्यांकडे आला, दोनदा घासणं आलं, पण दात दुखेपर्यंत जायचं नाही हे काही सुटलं नव्हतं. ज्या बिल्डिंगमध्ये दिवसभर दुसऱ्यांच्या दाढा भरत होतो तिथंच स्वतःची किडलेली दाढ घेऊन फिरणारे पाच-सहा जण मला नावानिशी आठवतात. वेळ नाही, परीक्षा आहे, मित्रासमोर तोंड उघडायची लाज वाटते. आणि कॉलेजनंही अ‍ॅडमिशनच्या वेळी कागद शंभर पाहिले पण आमच्यातल्या एकाचंही तोंड उघडून पाहिलं नाही. याचा मला आजही राग आहे.

म्हणून मी कागदावरची उत्तरं बाजूला ठेवते आणि तोंडाचीच गोष्ट सांगते. १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये आर्हुसच्या डेंटल कॉलेजात हॅराल्ड लो आणि त्यांच्या सोबतच्यांनी एक प्रयोग केला. १२ जण घेतले, हिरड्या अगदी चांगल्या असलेले, त्यातले ९ जण फर्स्ट इयरचे डेंटलचे विद्यार्थी होते. सगळ्यांना सांगितलं की दात घासणं पूर्ण बंद करा. १० ते २१ दिवसांच्या आत एकूण एकाच्या हिरड्या सुजल्या. मंग घासणं परत सुरू केलं आणि साधारण आठवड्याभरात हिरड्या परत चांगल्या झाल्या. हिरडीचा आजार दातावर साचणाऱ्या थरानं होतो, वयानं किंवा नशिबानं नाही, हे जगाला या पोरांच्या तोंडातून पक्कं कळलं. मी कधी कधी विचार करते की त्या नऊ जणांना पुढं आयुष्यात कोणी ब्रश कर म्हणून सांगावं लागलं असेल का.

आमच्याकडे याचं छोटं रूप व्हायचं थर्ड इयरच्या पोस्टिंगला. दातांवर एक लाल रंगाचं औषध लावतात, चूळ भरली की साफ दातावरचा रंग निघून जातो आणि जिथं थर साचलेला असतो तिथं गुलाबी राहतो. एकमेकांना लावायचं होतं. माझ्या पार्टनरनं मला लावलं, मी चूळ भरली, तिनं आरसा हातात दिला. दर्शनी बाजू चकचकीत, आणि खालच्या समोरच्या दातांच्या मागं, जिभेच्या बाजूनं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुलाबी पट्टी. दिवसातून दोनदा घासत होती मी! म्हणजे इतकी वर्षं लोकांना दिसते तेवढीच बाजू घासत होती. त्या दिवसापासून आजपर्यंत माझा ब्रश सगळ्यात आधी तिथं जातो, आधी आत, मंग बाहेर.

आता तुमचा भाचा. तो सेकंड इयरला आहे. पहिली दोन वर्षं ही पोट्टी मेणाचे दात कोरतात, प्लॅस्टरमध्ये बसवलेल्या उपटलेल्या दातांवर ड्रिल चालवतात, उपटलेले दात मिळावे म्हणून दवाखाने हिंडतात. तेव्हा दात म्हणजे एक वस्तू असते, मोजायची, कोरायची, सबमिशनला द्यायची. स्वतःच्या तोंडाशी त्याचा संबंध अजून लागलेला नसतो. पेशंट थर्ड इयरला सुरू होतात. म्हणजे तुम्ही निकाल थोडा लवकर लावून राहिले.

पण खर्र्याच्या बाबतीत थर्ड इयरला आपोआप सुटेल असं मी तुम्हाला म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल. माझ्या बॅचमधला एक पोरगा, आपल्याच भागातला, हुशार, ओरल पॅथॉलॉजीत, म्हणजे तोंडाच्या आजारांच्या विषयात, त्याला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त मार्क होते. सुपारीनं गालाच्या आतली कातडी कशी घट्ट होत जाते, आधी तिखट लागलं की जळजळ, मंग आत पांढरट पट्टे, मंग तोंड उघडणं कमी कमी होत जातं, पुढं कॅन्सरचा धोका, सुपारी स्वतःच कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे, तंबाखू नसली तरी, हे सगळं तो आम्हाला परीक्षेच्या आदल्या रात्री समजावून सांगायचा आणि खाली जाऊन पन्नीवर घोटलेला खर्रा आणायचा. ठेला गेटच्या समोरच. शाळा-कॉलेजच्या १०० यार्डाच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे, राज्यात २०१२ पासून गुटखा बंद आहे, पण खर्रा तर डोळ्यासमोर घोटून मिळते. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं तो खाते म्हणून. पाच वर्षांत आम्ही शेकडो पेशंटची तोंडं मोजली आणि त्याला एकदाही खुर्चीत बसवून आ कर म्हटलं नाही. त्याचा खर्रा अजून सुटला नाही. त्याची आठवण आली की मला आमचंच चुकलं असं वाटते.

माझ्या बाबांच्या बाबतीत ही चूक केली नाही. फोर्थ इयरच्या दिवाळीत घरी आली तेव्हा बाबा ठेच्याला हात लावत नव्हते, म्हणे आताशा तिखट सोसत नाही. ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. अंगणात खुर्चीवर बसवलं, मोबाइलचा टॉर्च लावला आणि त्यांना म्हटलं, बाबा, तुमचीच तीन बोटं जुळवून उभी तोंडात घाला. दोन गेली, तिसरं अडलं. गालाला आतून बोट लावलं तर चामड्यासारखं लागलं. मी काहीच बोलली नाही, बाबांनी परत एकदा तिसरं बोट घालून पाहिलं, परत अडलं. मंग आईनं स्वतःची तीन घालून पाहिली, तिची गेली. बाबा बराच वेळ आपल्या हाताकडे पाहत बसले. खर्रा सुटायला त्यानंतरही वर्ष गेलं, मधात दोनदा परत सुरू झाला, पण सुटला. आकडलेलं तोंड पूर्ण पहिल्यासारखं होत नाही, अजून मोठा घास घेता येत नाही त्यांना, पण पुढं वाढलं नाही आणि दर सहा महिन्यांनी मी तपासते.

काकाजी, माझं म्हणणं इतकंच आहे, आणि मागच्या लेखात ते नीट सांगता आलं नव्हतं. डेंटलचं शिक्षण पोराला बदलते ते ज्या दिवशी त्याचं स्वतःचं तोंड कोणीतरी उघडून पाहते त्या दिवशी. पुस्तक त्याच्या आधी पण असते, नंतर पण असते. आणि त्यासाठी डेंटल कॉलेज लागते असं पण नाही, एक आरसा आणि एक टॉर्च तर आपल्या सगळ्यांच्या घरी आहे.

भाच्याला रागावू नका, रागावलं की पुडी खिशातून निघून बॅगेत जाते, एवढंच होते. आता पोळ्याला तो घरी येईल तेव्हा त्याला म्हणा, माझे दात तपास. तो तपासेल, नवं शिकलेल्या पोराला कोणाचं तरी तोंड पाहायची हौस असतेच. त्याचं झालं की म्हणा, आता तू आ कर. तीन बोटं त्याच्याकडून घालून घ्या, टॉर्च तुम्ही धरा. तिसरं बोट अडलं, किंवा तिखटानं जळते असं म्हणाला, तर दोघं माझ्याकडे या. बुधवारी आमच्याकडे बाजार असते, गर्दीत निवांत बोलणं होत नाही, गुरुवारी दुपारनंतर या, त्या दिवशी मी रिकामीच असते.