मदतसंस्थेच्या साहेबांना कोच कशाला? त्या मेसेजला उत्तर

स्वयंसेवी संस्थांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘मदतसंस्थांच्या साहेबांना एक्झिक्युटिव्ह कोच म्हणजे देणगीदारांच्या पैशांवर चैन. छावणीत पाय न ठेवलेला माणूस काय शिकवणार? आणि ऑनलाइन तर काहीच साधत नाही.’

एक्झिक्युटिव्ह कोच म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याला सल्ला न देता, प्रश्न विचारून स्वतःचा निर्णय घ्यायला मदत करणारा माणूस. आधी चैनीचं बघू. मार्च 2025 च्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने जाहीर केलं, की बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या रोहिंग्या निर्वासित छावण्यांतलं दरडोई महिन्याचं रेशन साडेबारा डॉलरवरून सहा डॉलरवर येणार. महिना संपायच्या आत आकडा पुन्हा बारावर गेला. अशा दिवसांत तिथल्या एखाद्या संस्थेच्या प्रमुखापुढे काय काय असतं? कोणतं केंद्र बंद करायचं, कोणाला नोटीस द्यायची, छावणीत जाऊन हे सांगणार कोण. मुख्यालयाकडे मन मोकळं करावं तर ‘झेपत नाही’ असा शिक्का बसतो, टीमपुढे करावं तर दुपारपर्यंत अफवा पसरते. तेव्हा ज्याच्या हातात आपलं प्रमोशन नाही असं कोणीतरी लागतं, ‘उद्या सकाळी पहिल्यांदा कोणाला सांगणार?’ एवढंच विचारणारं. याला चैन म्हणणाऱ्याने एकदा त्या खुर्चीत बसून बघावं.

छावणी न पाहिलेल्या कोचबद्दलचा आक्षेप मात्र अर्धा खरा आहे. कोच निर्णय सांगायला नसतोच, पण सुरक्षेचे नियम आणि देणगीदारांचे अहवाल समजावण्यातच निम्मा तास जाणार असेल, तर काय उपयोग? 2016 मध्ये जोन्स, वुड्स आणि गिलॉम या संशोधकांनी कोचिंगवरच्या 17 अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. त्यात बाहेरच्या कोचपेक्षा संस्थेतल्या कोचचा परिणाम जास्त दिसला. एमएसएफ (‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही वैद्यकीय मदतसंस्था) या संस्थेने स्वतःचं मेंटॉरिंग-कोचिंग केंद्र उभारलंय ते उगाच नाही. अटी दोनच: कोच दुसऱ्या देशातल्या कामावरचा हवा आणि बोलणं एचआरच्या फायलीत जाता कामा नये. यातली एक जरी मोडली, की साहेब कोचसमोरही फक्त प्रेझेंटेशनच देतात.

ऑनलाइनचं म्हणाल तर, त्याच विश्लेषणात नुसत्या प्रत्यक्ष भेटी आणि भेटींना ऑनलाइनची जोड, यांच्या परिणामात फरक आढळला नाही.

मेसेजवाल्यांनी खरा धोका सांगितलाच नाही: संस्थेच्या चुका झाकायला कोच वापरणं. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल ही मानवी हक्कांची संस्था, मदतसंस्था नव्हे, पण 2019 मध्ये तिनेच करवून घेतलेल्या अहवालात कर्मचाऱ्यांच्या बहुतेक त्रासाचं मूळ संस्थेची कार्यसंस्कृती आणि व्यवस्थापन यांत सापडलं. तीन माणसांचं काम एकाच्या गळ्यात मारून वर त्याला कोच देणाऱ्या संस्थेला मी सांगेन, कोचचा करार थांबवा आणि आधी त्या दोन जागा भरा.